घडीखालचे टाके

शिंपीणबाईंनी बाळंतपणाच्या ऑपरेशनसाठी स्वतःच्या मापाचा गाऊन शिवून नेला होता. एकशे चाळीस किलोच्या अंगात हॉस्पिटलचा गाऊन जाणार नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. नर्सने नियमावर बोट ठेवून तो काढून घेतला आणि अंगावर दोन चादरी टाकल्या.

कमरेत इंजेक्शन दिल्यावर खालचं अंग बधिर झालं. कान मात्र शाबूत होते. मांड्यांवर उतरलेली पोटाची घडी दोन वॉर्डबॉयनी वर उचलून धरली.

"सर, छेद बेंबीच्या वर घेऊ या का?" धाकट्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "घडीखाली सारखी ओल राहते. जखम चिघळेल."

"मग काय, शिडी मागवू?" मोठे डॉक्टर म्हणाले. "नेहमीसारखं खालूनच. धरा रे नीट. हे निसटलं तर मी आत गाडला जाईन."

सगळे खिदळले. घडी छातीकडे सरकली तसा बाईंचा श्वास कोंडला.

"दम लागतोय हो," त्या कशाबशा म्हणाल्या.

"खाताना नाही का लागला?" पडद्यापलीकडून मोठ्या डॉक्टरांचं उत्तर आलं.

मुलगी झाली. खणखणीत रडली. त्या रडण्यावर बाईंनी सगळं गिळलं.

सहाव्या दिवशी टाके उसवले. पू वाहू लागला, खोलीत दर्प भरला. तान्हीला जाऊबाई घरी घेऊन गेली. मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन आले आणि चादर वर केली.

"एवढ्या चरबीत टाके टिकणार कसे?"

"कापड जाड निघालं तर मी गिऱ्हाइकाला बोल लावत नाही, डॉक्टर," बाई म्हणाल्या. "सुई बदलते. शिवण दुसरीकडून घेते."

डॉक्टर विद्यार्थ्यांकडे वळले. "जीभ तेवढी सडपातळ आहे बाईंची."

पुन्हा हशा. धाकट्या डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. पण मान खाली घालून फाइलमध्ये लिहीत राहिल्या.

नऊ आठवडे ड्रेसिंग चाललं. जखम भरून त्या घरी आल्या, तोवर दूध आटलं होतं. नवऱ्याने अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवलं होतं. "वास राहतो गं अजून," तो नजर चुकवत म्हणाला.

त्यांनी मुलीला उचललं, तशी तिने टाहो फोडला. छातीशी धरलं, थोपटलं, गुणगुणून पाहिलं. पोर लालबुंद झाली.

"दे इकडे," जाऊबाई म्हणाली. "परक्या माणसाला घाबरते ती."

जाऊबाईच्या खांद्यावर जाताच मुलगी गप्प झाली.