तिसऱ्या पुलावरची होडी

माझ्या मावशीनं आयुष्यभर कवळ्या बनवल्या. डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे, ती त्यांत प्लास्टर ओतायची, मेणावर एकेक दात बसवायची आणि गिऱ्हाइकाचं तोंडही न बघता सांगायची, "हा माणूस खडूस आहे. झोपेत दात खातो." खरं की खोटं हे तपासायला कोण येणार होतं? थापा मारण्यात तिचा हात धरणारं आमच्या घरात कोणी नाही.

तेविसाव्या वर्षी ती ज्या लॅबमध्ये कामाला होती, त्याच इमारतीच्या तळघरात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. जेवणाची सुट्टी चाळीस मिनिटांची. मावशी जिन्यातच उभ्याउभ्या पाच मिनिटांत डबा संपवायची आणि उरलेली पस्तीस मिनिटं तळघरात काढायची, अंगात तोच प्लास्टरनं भरलेला अॅप्रन. पार्लरचा मालक कायम पेंगत असायचा, म्हणून सगळे त्याला पेंग्या म्हणायचे.

कोपऱ्यातल्या मशीनमध्ये एक शिपाई होता. शिपाई म्हणजे काय, तर डोक्याचा एक चौकोन, पोटाचा एक चौकोन आणि तलवार म्हणून एक रेघ. तो डावीकडून उजवीकडे चालायचा, खेकडे मारायचा, पूल ओलांडायचा. पण त्याच्या मागं लांबवर एक निळा डोंगर होता आणि डोंगरावर चार पिवळे ठिपके. ती खिडकी आहे आणि आत कोणीतरी दिवा लावलाय, याबद्दल पार्लरमध्ये कुणालाच शंका नव्हती. प्रश्न एवढाच, की तिथं जायचं कसं. एक म्हणे, सगळे खेकडे जिवंत सोडले की रस्ता उघडतो. दुसरा म्हणे, उलटं चालत जायचं. विचारणार कुणाला? पेंग्याला विचारलं की तो एक डोळा उघडून म्हणायचा, "नाणं टाका, कळेल."

तिथंच एक मीटरवाला यायचा. घरोघरी विजेचे मीटर वाचायचं त्याचं काम. दुपारच्या वेळी कुठले मीटर वाचायचा देव जाणे, कारण पार्लरमधल्या सगळ्यात जास्त गुणांच्या यादीत पहिले पाचही नंबर त्याचेच होते. एकदा तो मावशीला म्हणाला, "ताई, जरा सरका. तुमच्याच्यानं खेकडे मरायचे नाहीत."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती गोड आवाजात म्हणाली, "खेकडे मारतंय कोण? मी होडीसाठी खेळते."

"कसली होडी?"

"तिसऱ्या पुलावर नुसतं उभं राहायचं. जॉयस्टिकला हात लावायचा नाही. होडी येते आणि डोंगरावर नेते."

"तुम्ही पाहिलीय?"

"मग काय ऐकीव सांगतेय?"

तिसऱ्या पुलावर वरून दगड पडायचे. उभं राहिलं की शिपाई खलास. मीटरवाला आठवडाभर तिथं हाताची घडी घालून मरत होता आणि अख्खं पार्लर पोट धरून हसत होतं. सोमवारी तो दोन मजले चढून लॅबच्या दारात आला.

"आली," तो म्हणाला.

"कोण?"

"होडी. लाल होती. पुढून जरा वर वळलेली. चढेपर्यंत निघून गेली."

मावशीच्या हातातला जबडा खाली पडून त्याचे तीन तुकडे झाले. होडी तिनंच रचलेली, तिथल्या तिथं, रागाच्या भरात. तिला रंगसुद्धा तिनं दिला नव्हता. पण त्याचा चेहरा पाहून तिलाच वाटायला लागलं, की आपण काहीतरी खरं बोलून बसलो की काय!

दुसऱ्या दिवसापासून ती स्वतः तिसऱ्या पुलावर उभी राहायला लागली. तो शेजारी. ती डावीकडे बघायची, तो उजवीकडे. पाच महिने. मग एके दिवशी ते मशीन गायब झालं आणि तिथं मोटारींच्या शर्यतीचं मशीन आलं. पेंग्यानं जुनं कुणाला विकलं हेही त्याला आठवेना. पूल गेल्यावर रोज भेटायला दुसरं निमित्त उरलं नाही, म्हणून दोघांनी लग्न केलं.

चौतीस वर्षं झाली. मीटरवाले काका रिटायर झाले, मावशीही झाली. दोघं गोळ्यांच्या डब्यावरून भांडतात. मी त्यांची भाची, कॉम्प्युटरच्या कामातली. मागच्या महिन्यात मला तो गेम सापडला आणि मी मोठ्या शहाणपणानं त्यांच्या टीव्हीवर लावून दिला. शिपायाला हवे तेवढे जीव दिले. दोघं सोफ्याच्या टोकावर येऊन बसले.

इथंच थांबायला हवं होतं. पण मला शिंगं फुटली होती. मी गेमच्या आतल्या फायली उघडून त्यातली सगळी चित्रं एका पानावर मांडून दाखवली. शिपाई, खेकडा, पूल, दगड, असलं बरंच काही. डोंगर म्हणजे मागं लावलेला नुसता पडदा. खिडकी म्हणजे चार ठिपके. होडी कुठंच नव्हती.

काका म्हणाले, "त्या मशीनमध्ये होती. हे दुसरं असेल."

मी मावशीकडं बघितलं. आता ती हसणार, थापेची कबुली देणार, काकांची चांगली जिरवणार.

"दुसरंच आहे," मावशी म्हणाली. "त्यातला पूल रुंद होता. आणि तुला कुणी सांगितलं गं हे पोट फाडून दाखवायला? माणसाच्या तोंडात कवळी आहे हे मला कळतं म्हणून मी ती लग्नाच्या मांडवात बाहेर काढते का?"

मी मुकाट्यानं ते पान बंद केलं. मावशीनं रिमोट काकांच्या हातातून हिसकावला आणि शिपायाला दिलेले जादा जीवही मला काढून टाकायला लावले. "तीनच ठेव. फुकटचे नकोत."

परवा तिचा फोन आला. चौथा टप्पा पार केल्यावर एक विहीर लागली म्हणे, जी पार्लरमध्ये कुणीच पाहिली नव्हती. काका म्हणतात उडी मारू या, ती म्हणते नको.

मी म्हटलं, "अगं, त्या विहिरीत..."

"गप्प बस," मावशी ओरडली आणि तिनं फोन आपटला.