पापड लाटायला मस्कतहून

परदेशात गेलेल्या बायका सांगतात की विमानात बसल्याबरोबर गावाची आठवण येऊन डोळे भरून आले. माझे नाही आले, खोटं कशाला बोलू? मस्कतच्या घरात मी पहिल्यांदा नळ सोडला तर पाणी आलं. बंद केला, पुन्हा सोडला, पुन्हा आलं. दुपारी तीन वाजता. आमच्या सावद्याला नळ एक दिवसाआड यायचा, तोही सकाळी पाऊण तास, आणि तेवढ्यात मी हंडे, घागरी, बादल्या, वेळेला ताकाचं पातेलंसुद्धा भरून ठेवायची. मस्कतलाही सवयीने पहिले आठ दिवस बादल्या भरल्या. आमचे हे म्हणाले, "अगं, इथं नळाला सुट्टी नसते." मी म्हटलं, "राहू द्या, पाण्याचा काय भरवसा."

हे जळगावला पाइपांच्या कारखान्यात सुपरवायझर होते. शनिवारी सावद्याला यायचे, सोमवारी पहाटेच्या एसटीने परत जायचे. शहाऐंशी साली त्यांना मस्कतला नोकरी लागली. तिकडच्या खजुराच्या बागांत ठिबकचे पाइप टाकायचे होते. सहा महिन्यांनी मीही गेले. तिथं गार हवेचं यंत्र होतं, कपडे धुवायचं यंत्र होतं, आणि वीज तर कधी जायचीच नाही. रोज संध्याकाळी नवरा घरी, हेही माझ्यासाठी नवीनच होतं. एकच गंमत, उन्हाळ्यात गार पाण्याच्या नळाला इतकं कढत पाणी यायचं की चहा त्यातच उकळावा. पण यायचं ना, मग तक्रार कशाची?

सुखात लोळत होते मी. वजन वाढलं, हात मऊ झाले. आरशात बघून म्हणायची, बाई, तुझं तर नशीबच उघडलं.

आता सावद्याच्या माणसाला केळी विकत घेता येत नाहीत. म्हणजे पैशाने येतात, मनाने येत नाहीत. घरात घड टांगलेलाच असायचा. आमचा संपला तर शेजारून यायचा, आणि तरी उरली तर म्हशीला. मस्कतच्या दुकानात मी केळी पाहिली ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, चार-चार, प्रत्येकावर चकचकीत चिठ्ठी डकवलेली, कुठल्याशा देशाचं नाव छापलेलं. मला इतकं हसू आलं की ते सगळं सासूबाईंना पत्रात लिहून पाठवलं. आम्ही सासूला आत्याबाई म्हणायचो. आत्याबाईंना वाचता येत नसे, म्हणून त्यांनी ते पत्र गल्लीत वाचून घेतलं, आणि गल्लीला हसू काही आलं नाही. गल्लीला माझी दया आली. "केयी इकत घेते वं माय पोरगी," असं म्हणून एकीने डोळ्याला पदर लावला, हे मला पुढे कळलं. तेव्हापासून गल्लीत माझ्याबद्दल पक्कं मत झालं की हिचे तिकडे हाल चाललेत.

हाल म्हणावे असं काही नव्हतं. पण होळी झाली आणि मला काहीतरी व्हायला लागलं.

होळीपासून आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, आमच्या गल्लीत पापड चालायचे. गल्लीत अकरा घरं. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. ज्या घरचे पापड त्या घरच्या बाईने पीठ भिजवून, कुटून, दोऱ्याने लाट्या कापून ठेवायच्या, आणि बाकीच्या दहा जणींनी आपापलं पोळपाट-लाटणं काखोटीला मारून हजर व्हायचं. बोलावणं नसतंच. तू माझ्याकडे आलीस, मी तुझ्याकडे येणार, एवढाच कायदा. घरात जेवण उरकलं की ओसरीवर गोल बसायचं आणि चार वाजेपर्यंत लाटायचं. कच्ची लाटी तेलात बुडवून तोंडात टाकायची. सासवा, सुना, कोणाच्या पोरीला कुठलं स्थळ आलं, कोणाचा जावई कसा निघाला, सगळा निकाल तिथं लागायचा.

गोलाच्या मधोमध बसायच्या गल्लीतल्या थोरल्या अक्का. लाटलेला प्रत्येक पापड त्या उजेडाकडे धरून बघायच्या. पापडातून पलीकडची माणसं दिसली पाहिजेत, हा त्यांचा हिशोब. मी नवी नवरी होते तेव्हा माझा पहिला पापड त्यांनी सगळ्यांना दाखवला होता आणि म्हणाल्या होत्या, "हा जोड्याच्या तयाले लावता येईन." माझा पापड म्हणजे चपलेचा तळ! सगळ्या खो खो हसल्या. मी घरी जाऊन रडले, मग हट्टाला पेटले. तिसऱ्या वर्षी अक्कांनी माझा पापड उजेडाकडे धरला आणि काही न बोलता ढिगावर टाकला. त्यापेक्षा मोठी शाबासकी मला शाळेतही मिळाली नव्हती.

तर मस्कतला होळीनंतर माझे हात शिवशिवायला लागले. ह्यांना म्हटलं, "मी पापड करते." ते म्हणाले, "दुकानात मिळतात की." मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते मुकाट्याने उडदाचं पीठ घेऊन आले. पापडखार कुठून तरी पैदा केला. स्वयंपाकघराच्या फरशीवर पाटा नाही, उखळ नाही. मी पिठाचा गोळा जाड पिशवीत घातला आणि बत्त्याने कुटायला घेतला. दहा मिनिटांत खालच्या मजल्यावरचे केरळचे गृहस्थ वर आले. त्यांनी फार अदबीने विचारलं की भिंत पाडताय का, पाडत असाल तर आम्ही थोडा वेळ बाहेर जाऊन येतो. मी त्यांना एक लाटी तेलात बुडवून दिली. त्यांनी ती भीत भीत खाल्ली आणि पुन्हा तक्रार केली नाही.

कुटणं झालं, लाट्या झाल्या, मी लाटायला बसले. समोर भिंत. वर ते गार हवेचं यंत्र घुर्र घुर्र करतंय. एक पापड लाटला, उजेडाकडे धरला, छान झाला होता. दाखवू कोणाला? दुसरा लाटला. चाळिसाव्या पापडाला माझ्या लक्षात आलं की मी लाटण्याशी बोलतेय. बाल्कनीत वाळत घातले तर तिथलं ऊन असं की अर्ध्या तासात सगळे वाकडे होऊन द्रोणासारखे उभे राहिले, आणि वरून वाळूची एक झुळूक आली. तळल्यावर प्रत्येक घासाला कर्रकर्र. ह्यांनी बिचाऱ्यांनी चार खाल्ले आणि म्हणाले, "चव तीच आहे." मला इतका राग आला की मी दोन दिवस बोलले नाही. चव तीच आहे म्हणे. चवीचं कोणाला पडलं होतं?

त्या रागात मी आत्याबाईंना आठ पानी पत्र लिहिलं. एकटीने पापड लाटताना नाकी नऊ आले, तुमच्याशिवाय माझ्याने होत नाही, गल्लीतल्या सगळ्यांची आठवण येते, वगैरे वगैरे. रडत रडत लिहिलं. ते पत्र गल्लीत वाचलं जाणार हे मला ठाऊक होतं, किंबहुना त्यासाठीच लिहिलं होतं.

दोन वर्षांनी सुट्टी मिळाली. एका महिन्याची. मी ह्यांना बजावलं की सुट्टी एप्रिलमध्येच घ्यायची, आखाजीच्या आधी. दिवाळीला, लग्नसराईला, कशालाही जाणार नाही. ह्यांना वाटलं मला आंबे खायचेत.

घरी पोहोचले तर गल्ली बघायला लोटली. आणि अक्का पुढे येऊन म्हणाल्या, "या, बसा." मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून. बसा मलाच होतं. मला खुर्ची दिली. खुर्चीवर मी, आणि खाली सतरंजीवर सगळ्या जणी. पाणी ताटलीत ठेवून आलं. मी सगळ्यांना साड्या आणि अत्तराच्या बाटल्या आणल्या होत्या, त्या वाटल्या, आणि वाटता वाटताच मला कळलं की माझा पाय आणखी खोलात चाललाय. साडी घेतल्यावर कोण मला म्हणणार, चल वं, लाटणं घे?

"पापड झाले का सगळ्यांचे?" मी विचारलं.

"सगळ्यांचे झाले," आत्याबाई म्हणाल्या. "आपलेच राह्यले."

माझा जीव भांड्यात पडला. आपलेच राहिले म्हणजे सगळ्या आपल्याकडे येणार, आपल्या ओसरीवर गोल बसणार, आणि खुर्चीवर बसून काही पापड लाटता येत नाहीत. मी म्हटलं, उद्याच घालू. आत्याबाई म्हणाल्या, "उडीद अजून दयायचे हायेत. तू आधी धुयाले जाऊन ये. नणंद वाट पाहून राह्यली." मला धुळ्याला जायचं नव्हतं. पण आत्याबाईंनी असा लकडा लावला की आम्ही दोन दिवस धुळ्याला गेलो. नणंदेने आग्रह करकरून शेवभाजी खाऊ घातली, नाकाडोळ्यांतून पाणी आलं, आणि माझं सगळं लक्ष मात्र सावद्यात. उडीद दळून झाले असतील का, लाटणं जुनंच आहे ना, ओसरी सारवली असेल का, एवढंच डोक्यात.

तिसऱ्या दिवशी दुपारी परत आलो. गल्लीतल्या सगळ्या बायका आमच्या ओसरीवर उभ्या. आत्याबाईंचं तोंड आनंदाने नुसतं फुललेलं. मध्ये पत्र्याचा मोठा डबा. अक्कांनी झाकण काढलं. आत काठोकाठ पापड, एकसारखे, वर केळीचं पान कापून घातलेलं.

"घे वं माय," अक्का म्हणाल्या. "आता दोन वरीस लाटन्याले हात लावू नको. एकटीचे लई हाल झाले तुहे."

दोन दिवस सगळ्या जणी लाटत बसल्या होत्या. माझ्यासाठी. मला धुळ्याला मुद्दाम पिटाळून. माझ्या आठ पानी पत्रातून त्यांना एवढंच कळलं होतं की पोरीला पापड नाहीत.

मला रडू फुटलं. सगळ्या खूश झाल्या. एक दुसरीला म्हणाली, "पाह्य, किती आनंद झाला तिले." ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी मुळात तापट, मस्कतला भांडायला कोणी नव्हतं म्हणून दोन वर्षं ते साचलेलं.

"मले नको तुमचे पापड," मी म्हटलं. "एकबी नको. मले इचारलं होतं का कोणी?"

आत्याबाईंनी पदर तोंडाशी नेला. ह्यांनी हळूच बॅग उचलली आणि आत गेले. मी तिथंच जमिनीवर बसले.

"तठी पापड दुकानात भेटतात," मी म्हटलं. "मले पापडाची भूक नव्हती. मले तुमच्यात बसायचं होतं. दोन वरीस हा एकच दिवस धरून राह्यले मी. आन् तुम्ही मले धुयाले धाडलं."

आता मला लाजही वाटायला लागली. अकरा घरच्या बायकांनी उन्हातान्हात दोन दिवस हात दुखवून घेतले होते, आणि मी त्यांच्या तोंडावर डबा नको म्हणत होते. हात मऊ झालेली, अत्तर लावलेली, परदेशातून आलेली बाई. माझं मलाच वाटलं, झालं, आता हे दारही बंद.

अक्कांनी डब्याचं झाकण लावलं. मग आत्याबाईंना विचारलं, "पीठ उरलं का?"

"किलोभर असीन."

"भिजव," अक्का म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "सकायी माह्याकडे ये. लाटनं घिसन ये. आन् हे सेंट लावून नको येऊ, पापडाले वास लागतो."

दुसऱ्या दिवशी मी आत्याबाईंचं जुनं लाटणं काखोटीला मारून गेले. एक किलोला अकरा बायका कशाला लागतात, पण सगळ्या आल्या होत्या. खुर्ची कुठं दिसली नाही. दोघींच्या मध्ये एक फट होती, तिथं मी बसले. पहिला पापड लाटला. अक्कांनी उजेडाकडे धरला, पिठाच्या गोळ्यात परत कोंबला आणि म्हणाल्या, "काय वं, दोन वरीस तठी झोपाच काढल्या का तू?"

पाहुणीला असं कोणी बोलत नाही. मी खाली मान घालून पुढची लाटी घेतली.

मग गप्पा सुरू झाल्या. कोणाची म्हैस आटली होती, कोणाच्या सुनेने सासूला उलट उत्तर दिलं होतं, एका घरचं ठरलेलं लग्न मोडलं होतं आणि ते का मोडलं याची चार वेगवेगळी कारणं निघाली. मी पाचवं सांगितलं. सगळ्या हसल्या. मस्कतबद्दल कोणी अवाक्षर विचारलं नाही. तिथली यंत्रं, नळ, रस्ते, काही नाही. पाठ दुखायला लागली, तळहाताला फोड आला, आणि माझं इतकं बरं चाललं होतं की सांगता येत नाही.

पीठ संपत आलं तेव्हा शेजारची म्हणाली, "मंग, जाती कधी?"

सगळ्यांची लाटणी एकदम थांबली.

"पंधरा दिवसांनी," मी म्हटलं. "मंग दोन वरसांनी येईन."

अक्कांनी चार लाट्या उचलल्या आणि माझ्या पोळपाटाशेजारी ठेवल्या.

"मंग हात चालव," त्या म्हणाल्या.