रंगीत ती नवरी

न्यूझीलंडला आल्यापासून मी इंग्रजीतली दोनच वाक्यं नीट शिकलो. 'स्वीट ॲज', म्हणजे झकास, आणि 'आय नो'. समोरच्याचं समजलं तर स्वीट ॲज म्हणायचं आणि काहीच समजलं नाही तर आय नो. त्यामुळे दिवसभर माझं आय नो, आय नो चालू असतं.

शाळा मी आठवीत सोडली. खरं तर शाळेने मला सोडलं, पण मी मोठ्या मनाने दोष स्वतःवर घेतला. बायको कॉम्प्युटर इंजिनियर. नोकरी तिची, व्हिसा तिचा, आणि त्या व्हिसाला चिकटून आलेलं सामान म्हणजे मी. फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात नवीन घरं बांधतात, ती मी आतून रंगवतो. सगळ्यांना पांढराच हवा असतो. पण त्या पांढऱ्याचे इतके प्रकार आहेत की मी रंगातला जाणकार म्हणून मिरवायला लागलो. माशांचं प्रकरण तिथूनच बिघडलं.

मुलगी आठ वर्षांची. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. तिला कुत्रा हवा होता. घरमालक नाही म्हणाला. मांजर हवं होतं. त्यालाही नाही. मासे चालतील म्हणाला, म्हणून एका शनिवारी आम्ही बापलेक माशांच्या दुकानात गेलो.

दुकानातल्या बाई साठीच्या पुढच्या, भर थंडीत पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर. त्यांनी आम्हाला गोरामी दाखवले. बोटाएवढा मासा, छातीखालून दोन लांब मिशा लोंबतात आणि त्या मिशांनी तो सगळं चाचपत फिरतो. बाईंनी जाळीने दोन पकडले. एकाच्या अंगावर निळे-लाल पट्टे, शालूच जणू. दुसरा फिका, राखाडी, माझ्या बनियनसारखा.

"एक नर, एक मादी," बाई म्हणाल्या. "कोण कुठलं ते कळतं ना तुम्हाला?"

"आय नो, आय नो," मी म्हणलं.

बाईंनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि पिशवीला गाठ मारली. स्वीट ॲज.

गाडीत मागून प्रश्न आला, "बाबा, विच वन्स द गर्ल?"

आता सिग्नल लाल होता. विचार करायला भरपूर वेळ होता. पण विचार करायची सवय नाही.

"रंगीत ती नवरी," मी म्हणलं. "राखाडी तो नवरा."

"हाऊ डू यू नो?"

"मामाच्या लग्नात बघितलंस ना? आई किती नटली होती? आणि मी?"

"यू वोअर युअर ब्लू शर्ट. द ओल्ड वन."

"झालं तर मग. सायन्स आहे हे."

तिने मान डोलावली. माझ्या सायन्सवर विश्वास ठेवणारी जगात ती एकटीच आहे. तिच्या आईचा तर माझ्या भूगोलावरही नाही, मोटरवेवर उजवीकडे वळायचं का डावीकडे हे ती मला विचारत नाही, सांगते.

रविवारी लग्न. ही कल्पना मुलीची, उत्साह माझा. बायकोची पातळ प्लॅस्टिकची भाजी कापायची फळी टाकीच्या मधोमध उभी केली, तो अंतरपाट. इकडे नवरी, तिकडे नवरा. पुण्याहून सासूबाई व्हिडिओ कॉलवर, कारण मंगलाष्टकं आमच्यात फक्त त्यांनाच पाठ.

"अहो जावईबापू, यातली नवरी कुठली?"

"रंगीत ती, आई."

"बरोबर. तरी म्हणलं नवरी ठसठशीत आहे." आणि त्यांनी सूर लावला.

शुभमंगल सावधान झालं, मी फळी वर ओढली आणि आम्ही दोघांनी अक्षता टाकल्या. टाकीत. हळद लावलेल्या, मूठभर. स्वयंपाकघरातून बायको ओरडत आली, "अरे, पाण्यात तांदूळ कोण टाकतं!" म्हणलं, नवरा-नवरी पाण्यात आहेत, मी काय गालिच्यावर टाकू?

सोमवारी सकाळी पाणी पिवळं. दोघं वर येऊन हवा पीत होते. हे मासे तसेही वर येऊन हवा पितात, म्हणून वाचले. दुसरा कुठला मासा असता तर लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तेरावं घालावं लागलं असतं. मी अर्धं पाणी बदललं आणि बायकोला सांगितलं की हळद अंगाला चांगली असते. ती काही न बोलता ऑफिसला गेली. तिचं न बोलणं मला पूर्ण समजतं, त्याला इंग्रजी लागत नाही.

मंगळवारी पाण्यावर एका कोपऱ्यात फेस दिसला. बारीक बुडबुड्यांचा, बशीएवढा. मला वाटलं, बादलीला भांड्याचा साबण राहिला असणार. चमच्याने काढून टाकला. बुधवारी परत तेवढाच फेस. परत काढला. रंगीत मासा चमच्यावर धावून आला. म्हणलं, बघा, नवरी किती टापटिपीची, मदतीला आली.

आणि ती नवरी नवऱ्याला पळवत होती. टाकीभर. राखाडी बिचारा जरा पुढे आला की ही अंगावर. मला गंमत वाटली. आमच्या घरीही बायको पुढे आणि मी मागे लपलेला. बायकोला म्हणलं, "बघ, आपलंच कुटुंब आहे."

पण मुलीला गंमत वाटत नव्हती. राखाडी मासा पाणी गरम करायच्या नळीच्या मागे जाऊन बसला होता, शेपटीची कड फाटलेली. ती काचेला नाक लावून बसली.

"बाबा, ही इज स्केअर्ड."

"नवीन लग्न आहे," मी म्हणलं. "होईल सवय हळूहळू."

बायकोने लॅपटॉपवरून मान वर केली. "काय शिकवतोयस तिला?"

"अगं, माशाला म्हणलं."

त्याच बुधवारी जेवताना मुलीने बातमी दिली. शाळेत आळीपाळीने एकेकाने वर्गापुढे उभं राहून काहीतरी सांगायचं असतं. शुक्रवारी तिची पाळी. विषय, आमचे मासे. पोस्टर तयार होतं, मीच तिच्या रंगपेटीतल्या रंगांनी रंगवून दिलेलं. रंगीत माशाखाली गर्ल, राखाडीखाली बॉय, प्रत्येक अक्षर वीतभर.

"देअर्स दिस गर्ल इन माय क्लास," ती म्हणाली. "त्यांच्या घरी टँक आहे." हे चक्क मराठीत, म्हणजे विषय गंभीर. "शी सेज इट्स द अदर वे."

"मग तू काय म्हणालीस?" बायकोने विचारलं.

"आय सेड माय डॅड नोज हीप्स अबाउट फिश."

बायको माझ्याकडे बघत राहिली. "तू दुकानात विचारलं होतंस ना?"

"त्यात विचारायचं काय," मी म्हणलं आणि वरणात मीठ कमी आहे असं म्हणालो. मीठ बरोबर होतं.

भिंत रंगवताना पहिला हात वाकडा गेला तर दुसऱ्या हातात झाकता येतो. पण शुक्रवारी पोरगी वीस-पंचवीस पोरांपुढे उभी राहणार, माझ्या भरवशावर, वीतभर अक्षरं घेऊन. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी रंगाच्या कपड्यांतच दुकानात गेलो. बाईंना फोनमधला व्हिडिओ दाखवला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा या देशात कुणालातरी म्हणलं, "आय डोन्ट नो."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मला टाक्यांपुढे उभं केलं. पाठीवरचा पंख बघा, म्हणाल्या. मागच्या बाजूला टोकदार, लांब, तो नर. आखूड आणि गोलसर, ती मादी. तिचं पोटही जरा भरलेलं असतं. या जातीत तर एवढं बघायचीही गरज नाही, जो भडक तो नर. मादी बिचारी साधी, म्हणून तिला कुणी घेत नाही.

"आणि तो फेस?" मी विचारलं.

"ते त्याचं घरटं. नर बांधतो, अंड्यांसाठी. तुम्ही काढत तर नाही ना?"

मी बाईंच्या जँडल्सकडे बघितलं.

म्हणजे हिशोब असा झाला. तो बिचारा रोज घर बांधतोय आणि घरं रंगवून पोट भरणारा मी रोज चमच्याने पाडतोय. घर पडलं की त्याचं डोकं फिरतंय आणि तो राग काढतोय तिच्यावर. बाईंनी विचारलं, मधे घालायला काही पार्टिशन आहे का? ती सावरेपर्यंत दोघं वेगळे ठेवा. म्हणलं, आहे. आमच्याकडे लग्नातलं आहे.

तीन वाजता मुलीला शाळेतून घेतलं. गाडी चालू केली नाही. मागे न बघता सगळं सांगितलं, पंख, पोट, फेस. ती दप्तराचा बंद ओढत बसली. मला वाटलं पोस्टरचं टेन्शन आलं.

"सो द वन बिहाइंड द हीटर इज द गर्ल," ती म्हणाली.

"हो."

"अँड यू सेड शी'ल गेट यूज्ड टू इट."

मी अगदी हे शब्द म्हणालो नव्हतो, मराठीत म्हणालो होतो. पण तिला मराठी सगळं समजतं, ते मी वर सांगितलंच.

"चुकलो," मी म्हणलं. "नळीमागे नवरा असता तरी चुकलोच असतो."

आरशात बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

घरी जाऊन आधी फळी घातली. अंतरपाट काढून लग्न लावतात, आमच्याकडे लग्न लावून अंतरपाट धरला. खाली पाणी फिरायला बोटभर जागा ठेवली. फेसाला हात लावला नाही. बराच वेळ काही झालं नाही. मग राखाडी नळीमागून निघाली, मिशीने फळी चाचपली, वर गेली, हवेचा एक घोट घेतला आणि खाली येऊन टाकीच्या मधोमध थांबली. तेव्हा कुठे मुलीने काचेवरचं नाक काढलं.

पोस्टरवर मी पांढरा मारून देतो म्हणलं, माझ्याकडे सगळे पांढरे आहेत. नको म्हणाली. "यू कम अँड टेल देम."

"मी? इंग्रजीत?"

"यू टोल्ड मी. यू टेल देम."

बायको लॅपटॉपआड तोंड लपवून हसत होती.

तर शुक्रवारी, आठवीनंतर पहिल्यांदा, मी वर्गात उभा राहिलो, आणि परत चुकीच्या उत्तराबद्दलच. फरक एवढाच की तेव्हा बाकावर उभं करायचे. टीचर किया ओरा म्हणाल्या, म्हणजे इथला नमस्कार, मीही किया ओरा म्हणलं. तेवढं बरोबर आलं. मुलीने पोस्टर धरलं. मी म्हणलं, धिस इज राँग, आय मेड इट राँग, माय डॉटर डिड नॉट. मग पंखावर बोट ठेवून टोकदार आणि गोल दाखवलं. टाकीवाली पोरगी पुढेच बसली होती, विजयाने मान हलवत. चष्मा, दोन वेण्या, माझी आठवीची बाई परत जन्माला आल्यासारखी.

तिनेच हात वर केला. मादी आता बरी होईल का?

तोंड उघडलं आणि सवयीने 'आय नो' जिभेवर आलं. मुलगी बाजूला पोस्टर धरून माझ्याकडे बघत होती.

"आय डोन्ट नो," मी म्हणलं. "वी विल वॉच."

तीन आठवडे झाले. शेपटीची कड भरत आली आहे. फळी अजून आहे, भाजी आम्ही ताटलीत कापतो. काल सासूबाईंचा फोन. "काय जावईबापू, तुमच्या नवरीची काही गोड बातमी?"

"आई, नवरी दुसरीच निघाली. सध्या माहेरी आहे."

"अगं बाई! मग सासरी कधी?"

मी मुलीकडे फोन दिला. ते आता ती ठरवते.