शेगडी आणि सोन्याचं पान

सरांनी पुण्यातली नोकरी सोडून लोणावळ्यात बंगला घेतला आणि मागच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली. त्यांच्या हाताखाली आम्ही दोघंच होतो, मी तळेगावचा आणि तो कुरवंड्याचा. विलायतेतल्या एका प्रयोगशाळेत सर आमच्यापैकी एकालाच पाठवणार होते. ते कळलं त्या दिवसापासून तो मला डोळ्यांसमोर नकोसा झाला.

काम असं होतं. हवा काढलेल्या काचेच्या नळीत इलेक्ट्रॉन तांब्याच्या तुकड्यावर आदळायचे आणि त्या माऱ्यानं तांब्याचे अणू क्ष-किरण सोडायचे. किरण शेजारच्या पेटीत शिरले की तिथल्या हवेच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन निसटायचे, हवेतून वीज वाहू लागायची. पेटीत सोन्याच्या वर्खाचं एक पान विजेनं भारून उभं केलेलं असे. वीज गेली की ते खाली यायचं. जितकं झपाट्यानं येईल तितके किरण जास्त.

पण पावसाळ्यात लोणावळ्याच्या भिंतीसुद्धा घाम गाळतात. ओलीमुळे पान आपसूकच पडायचं आणि माझी मापं रोज वेगळी यायची. त्याची मात्र एकसारखी! सर त्याची पाठ थोपटायचे आणि इकडे माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. भातखाचरातून आलेला हा गडी बोटीत बसणार आणि मी काय दिवे ओवाळत बसू?

"करतोस तरी काय?" मी एकदा विचारलंच.

"कपडं वाळवत्यात तसंच की! टेबलाखाली शेगडी पेटवायची, वर टोपलं पालथं घालायचं. लय झ्याक सुकतं यंतर."

पावसाळ्यात आमची आईही कपडे असेच वाळवायची. मला हे सुचू नये, याचाच जास्त राग आला. त्या रागातच विचार करता करता लक्षात आलं, की जळत्या कोळशाच्या वाफेमुळेही हवेतून वीज वाहू लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची शेगडी पेटलेली असताना सरांच्या देखत मी त्याची नळी बंद केली. किरण थांबले, तरी पान भराभर खाली येतच होतं.

"मग हे कसलं माप, सर?" मी विचारलं. आवाजातला आनंद काही लपला नाही.

शेगडी बाहेर नेली, दारं उघडली, तसं पान रेंगाळलं. आता हा संपला, असं मला वाटलं. त्यानं कपाळावर हात मारला. "व्हय की! कोळशाचंच माप घेत व्हतो मी." आणि हसत हसत लगेच कामाला लागला. यंत्र सुकवायचं, शेगडी बाहेर काढून हवा खेळवायची, नळी बंद ठेवून एक माप घ्यायचं, चालू करून दुसरं, आणि दुसऱ्यातून पहिलं वजा करायचं. आकडे लहान झाले, पण खरे झाले.

सरांनी त्यालाच निवडलं.

"चूक दिसल्यावर तोंड न पाडता जो काम सुधारतो, त्याला मी पाठवतो," ते म्हणाले. "तुझी नजर तीक्ष्ण आहे. इथली यंत्रं तू सांभाळ."

स्टेशनवर पोचवायला मलाच जावं लागलं. गाडी हलली तसा तो खिडकीतून माझा हात धरून म्हणाला, "तू न्हाई बोलला असतास, तर तितं साहेबाफुडं तोंडघशी पडलो असतो बघ."

मी हसलो. त्याला पाडायला निघालो होतो आणि मीच त्याला गाडीत बसवलं होतं.