मंगळवार कुणी घ्यायचा

दान मागायला मला लाज वाटत नाही, राग येतो. आमचे हे म्हणतात, तुझा चेहरा बघूनच लोक काढलेलं पाकीट परत खिशात ठेवत असतील. ठेवत असतील बाई! पण इतकी वर्षं बेंगळुरूत हेच काम करते आहे आणि अजून कुणी मला दारातून हाकललेलं नाही.

यांची नोकरी सरकारी कारखान्यात होती, म्हणून आम्ही पुण्याहून इकडे आलो आणि येलहंक्यात घर करून राहिलो. मी शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर शेजारच्या अक्कांनी मला हाताला धरून नेलं. अक्कांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड, आणि कितीही भांडलं तरी शेवटी ‘सरी, बघू या’ म्हणून चहा टाकतात. त्यांनी कॅन्सरच्या एका मोठ्या इस्पितळाजवळ एक जुनं घर भाड्याने घेतलं होतं. लांबच्या जिल्ह्यांतून उपचाराला आलेली मुलं आणि त्यांच्या आया तिथे राहायच्या. औषधपाणी सरकारी योजनेतून व्हायचं, पण उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि तेवढे दिवस या शहरात राहायचं कुठे? सोय झाली नाही की आई मुलाला उचलते आणि गावी जाते. औषध अर्धवट राहिलं तर पुढे काय होतं ते तिथल्या डॉक्टरांनी मला एकदाच सांगितलं. परत विचारायची माझी छाती झाली नाही.

आमच्या डोळ्यांदेखत दान देण्याच्या तऱ्हा बदलत गेल्या. सुरुवातीला लोक वस्तू द्यायचे आणि वस्तूवर आजोबांचं नाव. पंख्यावर नाव, ताटांवर नाव, भिंतीवरच्या घड्याळावर नाव. घड्याळं टांगायला भिंती पुरेनात आणि स्वयंपाकघरात ग्यास संपलेला. ग्यासच्या टाकीवर नाव घालता येत नाही ना! मग फोनवरून पैसे पाठवणारी पोरं आली. सर्जापूर रोडवर गाड्या तुंबलेल्या असताना एकीने खिडकीतून माझं बोलणं ऐकलं, तिथल्या तिथे फोन काढला आणि सिग्नल सुटायच्या आत देऊन मोकळी झाली. पावती नको म्हणाली, तिचं नावही मला माहीत नाही. मी रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहिले.

मग आली फाउंडेशनं. इथल्या लोकांनी एका पिढीत अमाप मिळवलं, आणि त्यातले काही जण ते हयातीतच वाटायला निघाले. आमच्या पुण्यात मी असं पाहिलं नव्हतं, तिकडे मृत्युपत्रातसुद्धा माणूस हात आखडता घेतो. या फाउंडेशनांत हुशार मुलंमुली नोकरीला असतात, पाठीवर लॅपटॉपची सॅक, तोंडात ‘इम्पॅक्ट’. मी त्यांची थोडी चेष्टा करायचे. पण आमच्या घराचं भाडं तीन वर्षं त्यांच्यातल्याच एका फाउंडेशननं भरलं, तेही कुठे पाटी न लावता. तेव्हा चेष्टा करायची ती जपूनच.

तिथली जी मुलगी आमचं काम बघायची, ती एक दिवस आली आणि खुर्चीच्या टोकावर बसून राहिली. मी समजले. त्यांची दिशा बदलली होती. एकेका घराला देण्यापेक्षा इस्पितळांतच राहायची व्यवस्था व्हावी, सरकारने ती उचलावी, यासाठी ते आता पैसा लावणार होते. मला इतका संताप आला की मी उठून आत गेले आणि विनाकारण डाळ निवडत बसले. पण खरं सांगायचं तर तिचं चुकीचं नव्हतं. आमच्याकडे आठ मुलं, बाहेर शेकडो. फक्त त्या आठांना हे कुणी समजावून सांगायचं?

त्या आठांत कलबुर्गीकडच्या खेड्यातली एक मुलगी होती. सात वर्षांची, डोक्यावर केस नाहीत आणि तोंड म्हणजे तोफखाना. मी टीचर होते हे कळल्यापासून ती रोज मला पाढे विचारायची आणि मी मुद्दाम चुकले की खूश व्हायची. तिचे उपचार निम्मे झाले होते. घर बंद झालं तर मी हिला घेऊन जाणार, नवरा आता आणखी थांबायला तयार नाही, असं तिची आई शांतपणे सांगून मोकळी झाली होती. तिचं ते शांतपण मला सहन होत नव्हतं.

फाउंडेशनची मुलगी मात्र वरच्या लोकांशी भांडली असणार. पुढच्या आठवड्यात ती तोड घेऊन आली. आणखी एक वर्षाचं भाडं ते देतील. मात्र रोजचं जेवण बाहेरच्या लोकांनी उचललेलं दिसलं पाहिजे, आठवड्याचे सातही दिवस. चालवणाऱ्यांनी आपल्या खिशातून घातलेलं धरणार नाहीत, म्हणजे अक्का आणि मी बाद. महिनाअखेर ती बघायला येणार होती. कुठल्या दिवशी, असं विचारलं तर म्हणाली, तुम्हाला जो वार सगळ्यात अवघड जाईल त्या वारी जेवायला येते. पोरगी हुशार होती.

वार म्हटल्याबरोबर अक्कांचे डोळे चमकले. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. इकडे कन्नड लोकांतही हीच रीत. अक्कांचे यजमान असेच सात घरचं जेवून इंजिनिअर झाले होते. अक्का म्हणाल्या, आपण पैसे मागायचेच नाहीत, वार मागायचे. मी म्हटलं, अहो, आत्ताच्या लोकांना स्वतःचा डबा करायला वेळ नाही. त्या म्हणाल्या, स्वल्प विचारून तर बघू.

आणि लोकांनी अक्षरशः उड्या मारल्या. मी तोंडात बोट घातलं. सर्जापूर रोडच्या एका सोसायटीत रविवारवरून दोन इमारतींची भांडणं लागली आणि आम्हाला त्यांच्यात रविवारची सकाळ आणि संध्याकाळ वाटून द्यावी लागली. पहिल्या रविवारी ते पुऱ्या, बासुंदी आणि फोटो काढायला वीसएक माणसं घेऊन हजर झाले. मुलांना संसर्गाची भीती, मी सगळ्यांना फाटकावरच अडवून नको ते बोलले. वाटलं, संपलं, आता हे कसले येतात. पुढच्या रविवारी फाटकाशी गरम मऊ भात, वरण आणि शिजवलेल्या भाज्यांचे डबे होते आणि माणूस एकच, तोही मास्क लावलेला. बेल वाजवून तो लांब जाऊन उभा राहिला. रागावून निघून जाणं किती सोपं होतं त्यांना!

सोमवार महादेवाचा म्हणून एका भजनी मंडळाने घेतला. गुरुवार, शनिवार तर मागायच्या आधीच गेले. बुधवारी घरून काम करणाऱ्या चार जणींनी मिळून स्वयंपाक वाटून घेतला. शुक्रवारची मला धास्ती होती. इकडे मंगळवारी आणि शुक्रवारी घरातून काही बाहेर देत नाहीत, लक्ष्मी जाते म्हणतात. पण बोम्मसंद्राच्या एका कारखान्यातले कामगार म्हणाले, आमच्यात सगळ्या देवांचे लोक आहेत, आम्हाला शुक्रवार चालतो. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात ते कँटीनमध्ये आमच्या मुलांसाठी वेगळं, बिनतिखटाचं शिजवायला लागले. पगार तो केवढा, आणि ही माणसं वार उचलतात! त्या दिवशी बसमध्ये मला रडू आलं आणि शेजारच्या बाईने मला सीटच्या कडेला सरकून बसायला जागा दिली.

राहिला मंगळवार.

मंगळवारी लक्ष्मी जाते, आणि ज्यांची लक्ष्मी जात नाही त्यांना मंगळवारी ऑफिसात जावंच लागतं. मी दारोदार फिरले. सगळे गोड बोलले. रविवारी दुप्पट देतो म्हणाले, मुलाच्या वाढदिवसाला देतो म्हणाले, पितृपक्षात तर हवे तेवढे दिवस देतो म्हणाले. मंगळवार कुणी घेईना. अक्कांनासुद्धा मी वैतागून विचारलं, तुमच्या एवढ्या गोतावळ्यात एक घर मिळत नाही? त्या खाली मान घालून म्हणाल्या, सासूबाईंनी लावलेली सवय आहे ग, हात पुढे होत नाही. सहा वार भरून घर बंद पडायची वेळ आली होती, आणि कुणावर रागवावं तेच कळेना. कुणी काही दिलंच नसतं तर शिव्या घातल्या असत्या, पण सगळे देत होते.

त्या पाढे विचारणाऱ्या मुलीच्या आईने हे सगळं कोपऱ्यात बसून ऐकलं होतं. तिने आम्हाला काहीएक न सांगता फोन केले. आमच्या घरात राहून परत गेलेल्या बायकांना, कलबुर्गी, बिदर, रायचूरकडच्या. महिनाअखेरच्या सोमवारी संध्याकाळी मला म्हणाली, मावशी, उद्या सकाळी बसवर पार्सल येतंय, तुमच्या येलहंक्यातच उतरवून घ्या.

मी गेले. बसवाल्याने दोन पोती आणि एक मोठा डबा उतरवला. एका पोत्यात तूरडाळ, दुसऱ्यात तांदूळ आणि ज्वारीचं पीठ. डब्यात त्यांच्याकडच्या कडक भाकरी, ज्या महिनाभर टिकतात, आणि शेंगदाण्याची चटणी आयांसाठी. आठ-दहा घरांनी मिळून जमवलं होतं. पण पार्सल बांधून बसवर चढवलं होतं ते बिदरकडच्या एका बाईने, आणि डब्यावरचं तिचं नाव मी पुन्हा पुन्हा वाचलं.

तिचा मुलगा आमच्याच घरात होता. आदल्या वर्षी तो गेला. तो गेल्यावर मी तिला एकदाही फोन केला नव्हता. काय बोलणार होते? आणि आता तिच्या घरचं धान्य आम्ही खायचं? ज्या घरातून तिने मुलगा परत नेला नाही, त्या घराला? मला ते पाप वाटलं. मी अक्कांना म्हटलं, हे परत पाठवू. अक्का कधी नव्हे त्या माझ्यावर ओरडल्या, आणि परत पाठवून आज दुपारी त्या पाढेवाल्या पोरीच्या पानात काय वाढणार आहेस ते सांग, म्हणाल्या. मी पातेलं चढवलं. पाण्याला आधण आलं, डाळ पडली.

दुपारी फाउंडेशनची मुलगी आली. मऊ भात, वरण आणि आयांबरोबर कडक भाकरी जेवली. पाढेवाल्या पोरीने तिलाही एकोणीसचा पाढा विचारला आणि ती खरोखरच चुकली. मग तिने विचारलं, हा मंगळवार कुणाचा? मी सांगितलं. मुलगा गेल्याचंही सांगितलं. तिने हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाली, भाड्याचं मी बघते, ते होईल. पण मॅम, यांच्याकडून घेणं बरं नाही. मंगळवार आम्ही ऑफिसातली मंडळी आमच्या पगारातून घेतो, फाउंडेशनचा त्यात काही संबंध नाही.

माझ्या डोक्यावरचा डोंगर उतरला. घर राहिलं, पोरगी राहिली, आणि ते धान्यही पुन्हा घ्यायला नको. या मुलांची मी चेष्टा करायचे! मी त्याच आनंदात व्हरांड्यात जाऊन बिदरला फोन लावला. वर्षभर जो लावला नव्हता तो आता लावताना भीती वाटली नाही, कारण सांगायला चांगली बातमी होती. तिला सगळं सांगितलं. तुझे उपकार कसे फेडायचे, असं म्हटलं. आणि आता तू त्रास घेऊ नकोस, मंगळवारची सोय झाली, असंही म्हटलं.

तिने सगळं ऐकून घेतलं.

“मावशी,” ती म्हणाली, “त्याच्या वाटणीची भाकर रोज उरती घरात. ती कुणाला वाढू मी?”

मी तिला, पाठव बाई, एवढंच म्हणू शकले. आत येऊन फाउंडेशनच्या मुलीला सांगितलं, मंगळवार भरलेला आहे.