गिरणीमागची मंडळी

पिठाच्या गिरणीशेजारी काही वर्षं काढली की एक गोष्ट कळते. पीठ कुणी मुद्दाम टाकत नाही, तरी ते खिडकीच्या गजांवर, कपाटावर, पेटीच्या पट्ट्यांवर बसतंच. किस्स्यांचंही तसंच. कुणी जमवायला बसत नाही. रविवारमागून रविवार जातात आणि पुढं कधीतरी गप्पांत एकानं नुसतं नाव काढलं की सगळे उठून अंगावर येतात!

आमचं चर्च नाशकात अशाच एका गिरणीच्या मागं होतं. चर्च म्हणजे भाड्याचा हॉल. वर पत्रे, खाली सतरंज्या. शरणपूरकडच्या जुन्या चर्चवाल्यांकडं घंटा होती, आमच्याकडं गिरणीचा पट्टा होता. आम्ही स्वतःला 'मंडळी' म्हणायचो. मी पेटी वाजवायचे आणि मुलांची रविवारची शाळा घ्यायचे. ही सगळी सत्तर-ऐंशीच्या दशकातली गोष्ट.

आमचे रणभिसे पाळक, म्हणजे पास्टर, उंचीनं बेताचे आणि आवाजानं अफाट. विश्वासाच्या बाबतीत एकदम कडक. "पापातून तारण एकतर झालेलं असतं नाहीतर नसतं, त्यात पासष्ट टक्के वगैरे नसतं!" असं ते म्हणायचे. माणूस मात्र इतका मऊ, की रागावल्यावर स्वतःच आधी पाणी मागायचे.

*

पाळकसाहेबांच्या मनात आलं, आपला विश्वास काय आहे तो भिंतीवर लिहावा. पेंटरला बोलावलं. सगळ्यांनी पाप केलं आहे, तारण येशूवरच्या विश्वासानं आहे, माणसाचा नवा जन्म झाला पाहिजे, प्रभू परत येणार आहे आणि मेलेले कबरीतून उठणार आहेत, असा सगळा मजकूर होता.

पेंटर अक्षरं काढता काढता एका ओळीपाशी थांबला. 'तारण कर्मांनी नव्हे, कृपेने.'

"साहेब, म्हणजे माणसानं काम चांगलं केलं काय आणि नाही केलं काय, देव घेतोच?"

झालं! पाळकसाहेबांना हेच हवं होतं. पेंटर शिडीवर, पाळकसाहेब खाली, आणि कृपा म्हणजे काय यावर भर दुपारी प्रवचन! आपल्या कर्तबगारीवर काहीच मिळत नाही, सगळं फुकट मिळतं, हे त्यांनी त्याला नाना परीनं सांगितलं. पेंटर भला माणूस, ब्रश हातात धरून सगळं ऐकलं. मग हळूच म्हणाला, "साहेब, माझी मजुरीपण कृपेनंच का?"

"छे छे!" पाळकसाहेब दचकून म्हणाले, "ती कर्मांनी!"

*

गिरणीवाला सज्जन होता. आमची प्रार्थना सुरू झाली की पट्टा बंद करायचा. पण पाळकसाहेबांची प्रार्थना एकदा सुटली की भारतापासून आफ्रिकेपर्यंत जाऊन यायची. तोवर बाहेर डबे घेऊन बायकांची ही रांग!

एका रविवारी पाळकसाहेब राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करत होते आणि अजून दिल्लीलाच होते. बाहेरून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "आमेन म्हणा की हो आता, पोरं उपाशी हायेत!"

त्या दिवसापासून आफ्रिका बुधवारच्या सभेत गेली.

*

त्या रांगेशेजारी, गिरणीच्या बाकावर, दर रविवारी एक गृहस्थ बसलेले असत. भास्करराव. रेल्वेत होते, मनमाडला अप-डाऊन करायचे. त्यांची बायको सुमनमावशी आमच्या मंडळीतली. दवाखान्यात असताना शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तिच्यासाठी प्रार्थना केली, तिथून ती विश्वासात आली. भास्करराव तिला सायकलवर डबलसीट आणायचे, आत सोडायचे आणि स्वतः बाहेर बसायचे. बाक आमच्या खिडकीखालीच होता, त्यामुळं ऐकू सगळं यायचं.

पाळकसाहेबांनी त्यांना आत बोलावायचं कधी सोडलं नाही. भास्कररावांचं घराणं बौद्ध. ते हसून म्हणायचे, "आमच्या घरातला धर्म बदलायचा कोटा माझ्या वडलांनीच संपवला, पाळकसाहेब!"

"मग सुमनताईंना कसं येऊ देता?"

"वडलांना कुणी अडवलं असतं तर आम्हाला चाललं असतं का? मग मी तिला कसा अडवू?"

 पण पाळकसाहेब हार मानणाऱ्यांतले नव्हते. एकदा त्यांनी थेट विचारलं, "भास्करराव, मेल्यावर पुढं काय, याचा कधी विचार केलाय?"

"मेलं की संपलं, साहेब. त्या गावाला रिटर्न तिकीट नाय."

आत सतरंजीवर सुमनमावशीनं हे ऐकलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला. तिचा एकच घोर होता. आपण स्वर्गात जाणार, याची तिला खात्री होती. भास्कररावांची नव्हती.

*

म्हणून ती बुधवारच्या सभेत त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. मोठ्यानं, कारण आमच्यात मोठ्यानंच करतात. भास्करराव बुधवारीही खिडकीबाहेर. एकदा म्हणाली, "प्रभू, ह्यांचं मन वळव. आणि ते वळेस्तोवर निदान ह्यांची बिडी तरी सोडव!"

सगळ्यांनी आमेन म्हटलं. पुढच्या बुधवारी ती उभी राहिली आणि पुन्हा बिडीवर आली, तेव्हा बाहेरून खाकरण्याचा आवाज आला.

"सुमन, देवाला सांग, निम्म्यावर आणलीय!"

मावशीचे डोळे मिटलेलेच होते. एक क्षणही न थांबता म्हणाली, "प्रभू, उरलेल्या निम्म्याचंही बघ."

*

'सगळ्यांनी पाप केलं आहे' ही ओळ मी रविवारच्या शाळेत शिकवत होते. चांगलं समजावून सांगितलं, श्रीमंत-गरीब, लहान-मोठे, कुणी म्हणजे कुणी सुटलेलं नाही. तेवढ्यात एका चिमुरडीनं हात वर केला. तोंड रडवेलं.

"बाई, मी नाही केलं. मी तेव्हा मनमाडला आजीकडं होते!"

*

आमच्यात साक्ष देण्याची पद्धत आहे. उभं राहायचं आणि आपण आधी कसे होतो, प्रभूनं आपल्याला कसं बदललं, ते सगळ्यांसमोर सांगायचं. ज्याचा भूतकाळ काळाकुट्ट, त्याची साक्ष जोरदार!

दानिएलकाकांची इथंच पंचाईत होती. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात नोकरी, वेळेवर जाणं, वेळेवर येणं, आयुष्यात सुपारीचं खांड खाल्लेलं नाही. नवा जन्म झाला म्हणावं, तर जुन्यात सांगण्यासारखं काहीच नाही! मग त्यांनी थोडीथोडी भर घालायला सुरुवात केली. एका महिन्यात ते बिडी ओढत होते. पुढच्या महिन्यात देशी दारू आली. पावसाळा संपेपर्यंत ते गटारात पडायला लागले होते.

एका रविवारी म्हणाले, "बंधुभगिनींनो, मी इतका पिऊन यायचो की बायकोवर हात..."

बायकांच्या बाजूनं त्यांच्या सौभाग्यवती ताडकन उभ्या राहिल्या. सौभाग्यवती म्हणजे आमच्या एस्तेरकाकू, मंडळीत कधी वर मान करून न बोललेल्या.

"खाली बसा!" काकू कडाडल्या. "माझ्या नवऱ्याची बदनामी मी कुणाकडूनही ऐकून घेणार नाही!"

*

याच दानिएलकाकांचा प्रभूच्या परत येण्यावर जबरदस्त विश्वास. प्रभू येईल, कबरीतल्यांना उठवील आणि आपल्या लोकांना एका क्षणात उचलून नेईल, बाकीचे मागं राहतील, हे आम्ही सगळेच मानतो. पण काका त्या तयारीनं राहायचे. घराला नवा रंग द्यायचा विषय काकूंनी काढला की म्हणायचे, "कशाला? आपण असणार आहोत का इथं?"

एका रविवारी बाप्तिस्म्याचा कार्यक्रम गंगापूर धरणावर होता. काका आदल्या रविवारी थर्ड शिफ्टची रात्रपाळी करून आले आणि सभेतच झोपले होते, त्यामुळं त्यांना जाहीर केलेलं कळलंच नाही. काकूंना वाटलं, ते कारखान्यातून परस्पर धरणावर येतील. काका नेहमीच्या वेळेला हॉलवर आले, तर कुलूप. बाकावर भास्कररावही नाहीत. घरी धावत गेले, तर काकू नाहीत. चुलीवर भाजी झाकून ठेवलेली आणि माणूस गायब!

काका मटकन उंबऱ्यावर बसले. सगळे गेले. आपण राहिलो. त्या खोट्या साक्षींनी घात केला!

सायकल काढून वेड्यासारखे गावभर फिरले. दुपारी पाळकसाहेब लूनावरून येताना दिसले, केस ओले. दानिएलकाकांनी ही हकीकत नंतर आम्हाला सांगितली तेव्हा मी विचारलं, "मग पाळकसाहेबांना पाहून जीव भांड्यात पडला असेल?"

"छे! पाळकसाहेबांना पाहून काय कळणार?" काका अगदी प्रामाणिकपणे म्हणाले. "मागनं भास्कररावांच्या सायकलवर सुमनबाई दिसल्या, तेव्हा पडला. त्या मागं राहतील होय?"

पाळकसाहेबांसकट सगळे हसून हसून लोळले. सुमनमावशी तेवढी हसली नाही. पेटीपाशी येऊन मला हळूच म्हणाली, "सगळे मलाच पुढं ढकलतात गं. मला उचलताना हे सायकल चालवत असले तर? मागं वळून बघतील, तर मी नाय."

मी पुढच्या गाण्याचे सूर शोधत असल्यासारखं केलं. दुसरं काय करणार?

*

मावशी आजारी पडली ती पुन्हा उठलीच नाही. दवाखान्यात तिला भेटायला पाळकसाहेब गेले, सोबत मी होते. तिची मुठीएवढी कुडी झाली होती, पण बोलणं तसंच.

"पाळकसाहेब, माझं मला ठाऊक हाय. मी प्रभूकडं चाललेय. पण हे तिकडं येणारच नसले, तर मी तिथं जाऊन करू काय?"

पेंटरला शिडीवर अडकवून कृपा समजावणारा तो माणूस!  तिचा हात हातात घेऊन नुसता बसून राहिला. मला वाटतं, त्या दिवशी त्यांनी केलेलं प्रवचन सगळ्यात चांगलं होतं.

तेवढ्यात भास्करराव थर्मास घेऊन आले. बशीत चहा ओतला, फुंकून निववला, तिच्या ओठांशी धरला. दोन घोट घेतल्यावर ती म्हणाली, "एकदा म्हणा ना. पाळकसाहेबांच्या समोर. माझा इश्वास हाय, एवढंच म्हणा. मग मी सुखानं जाते."

भास्कररावांनी बशी खाली ठेवली. 

"सुमन, तुझ्याशी कधी खोटं बोललो का?"

"नाय."

"मग आता नको गं बोलायला लावूस."

मला इतका राग आला त्यांचा! एक वाक्य म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? मरणाऱ्या बाईचं समाधान! मी पाळकसाहेबांकडं पाहिलं, तर त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आणि मावशी? ती रडत रडत हसली. "बघा पाळकसाहेब, असला माणूस पडलाय माझ्या पदरात!" म्हणाली आणि राहिलेला चहा मागितला.

त्याच आठवड्यात ती गेली.

*

अंत्यविधीच्या दिवशी दानिएलकाका आणि मी फुलं घेऊन कबरस्तानात जरा आधीच गेलो. सगळं नीट आहे की नाही बघायला पाळकसाहेबही आले होते. कबर खणायचं काम चाललं होतं. खणणारा माणूस कमरेच्या वर खड्ड्यात होता आणि काठावर भास्करराव उभे होते, पांढरा सदरा, हात मागं बांधलेले. घरी माणसं जमलेली, आणि हे इथं! कधीपासून आले होते कोण जाणे.

  पाळकसाहेब हातातली टोपी नुसती फिरवत होते. कुदळीचा आवाज तेवढा येत होता.

थोड्या वेळानं भास्करराव वाकले आणि त्या माणसाला म्हणाले, "बस कर, दादा. एवढं पुरे झालं."

त्यानं घाम पुसत वर पाहिलं. "साहेब, अजून हातभर तरी घ्यावं लागंल. एवढ्यावर कुणीच थांबत नाय."

"नको. फार खोल नको."

"का हो?"

भास्कररावांनी एकदा खड्ड्यात पाहिलं.

"वर यायचंय तिला," ते म्हणाले. "आणि गुडघे लय दुखतात तिचे."