पाठमोरी आरोळी

घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारणाऱ्या त्या माणसाला सगळे भोंगा म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. देवानं त्याला उंची दिली नाही, रूप दिलं नाही, पण गळा असा दिला की यानं कांद्याच्या ढिगापाशी भाव पुकारला की पलीकडचं बटाट्याचं गिऱ्हाईक वळून बघायचं. आठवडाभर हा गळा बाजाराचा आणि शनिवारी फुटबॉल क्लबचा.

गोलामागच्या स्टँडमध्ये सगळ्यात खाली, कठड्यावर चढून, मैदानाकडे पाठ करून तो उभा राहायचा. घोषणा यानं उचलायची आणि स्टँडनं झेलायची. तिथला नियमच होता, भोंग्यानं उचललं की ‘का’ विचारायचं नाही. विचारत बसलं तर सूर फुटतो. आता मैदानाकडे पाठ म्हटल्यावर सामना दिसणार कसा? तर तो लोकांच्या तोंडांकडे बघायचा. तोंडं उघडली की गोल, हात डोक्यावर गेले की हुकला. इतक्या वर्षांत क्लबचा एक गोल त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला नव्हता, आणि क्लबवर त्याच्याइतका जीव टाकणाराही दुसरा नव्हता. हौसेला मोल नाही, आपण काय बोलणार!

त्याहून जास्त जीव होता तो धाकट्या भावावर. धाकटा कधीकाळी याच क्लबच्या लहान संघात खेळायचा. गुडघा मोडला आणि खेळ संपला. पुढं कैक वर्षं तो घराच्या मागच्या खोलीत पडून राहिला. दाढी वाढलेली, ताट जसंच्या तसं परत. दादा ओरडून थकला, वहिनी समजावून थकली. मग क्लबच्या आताच्या मॅनेजरनं कुठून तरी ऐकून त्याला बोलावलं आणि म्हणाला, “मोडलेल्या पायाचं दुखणं तुला कळतं ना? मग माझ्या पोरांचे पाय तू चोळ.” धाकटा क्लबचा मालिशवाला झाला. सकाळी उठून दाढी करायला लागला, संध्याकाळी हातांना तेलाचा वास घेऊन घरी यायला लागला. तो पहिल्यांदा जेवताना हसला, तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली होती.

यंदा संघ हरत चालला होता आणि स्टँड कुरकुरत होता. त्या शनिवारीही आपण मागेच होतो. एकाएकी भोंग्यासमोरच्या रांगांची तोंडं विस्कटली. कुणी कपाळावर हात मारला, कुणीतरी ओरडलं, “अरे, कप्तान चालला बाहेर!” भोंग्याचं डोकंच फिरलं. हरत असताना कप्तानाला काढतो हा मॅनेजर? उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“पुरे झालं, बॅग भर!”

स्टँडनं झेललं. हजारो गळ्यांनी मैदान दणाणलं. वर काचेच्या खोलीत क्लबचा मालक बसला होता, सिमेंटचा कारखानदार. तो उठून उभा राहिला.

मैदानावर घडलं होतं ते वेगळंच. कप्तानाचा गुडघा गेला होता. त्यानंच हात करून बाहेर यायला मागितलं होतं आणि मॅनेजर त्याला खांद्याचा आधार देऊन आणत होता. बाकाशेजारी गवतावर बसून धाकट्यानं तो गुडघा दोन्ही हातांत धरला, तेव्हाच ती आरोळी त्याच्या कानावर आली. दादाचा आवाज त्यानं झोपेतही ओळखला असता.

रविवारी सकाळी मॅनेजरला नारळ मिळाला. ‘प्रेक्षकांच्या भावनांचा मान राखून’ असं मालकानं जाहीर केलं. मॅनेजरबरोबर त्यानं आणलेली माणसंही जाणार होती; नवा येईल तो आपली आणेल. म्हणजे धाकट्याचंही काम गेलं. हे ऐकल्यावर भोंग्याच्या तोंडचं पाणी पळालं.

सोमवारी संध्याकाळी स्टँडची मंडळी शिंपीणबाईच्या दुकानात जमली. क्लबचे झेंडे तीच शिवायची. गठ्ठ्यांवर, स्टुलांवर, इस्त्रीच्या टेबलावर, जागा मिळेल तिथे माणसं बसली होती.

“मालकानं बरोबर केलं,” गणिताचे निवृत्त मास्तर म्हणाले. “संघ हरतोय. मग मॅनेजर बदलायचा नाही तर काय त्याची आरती करायची?”

“हरतोय, कारण मालकानं चांगली पोरं विकली,” मशीनवरून मान वर न करता शिंपीणबाई म्हणाली. “विकली यानं, मार खाल्ला त्यानं. चोर सोडून संन्याशाला फाशी.”

“नाचता येईना अंगण वाकडं! त्याला साधा बचाव बसवता आला नाही.”

“मास्तर, तुमच्या वर्गात निम्मी पोरं नापास व्हायची. तुम्हाला काढलं होतं का कुणी?”

मंडळी हसली. मास्तरही हसले, नाइलाजानं. मग नळदुरुस्तीवाला म्हणाला, “मालकाला कशाला शिव्या घालता? तो म्हणतो, स्टँडनं मागितलं, मी दिलं. ओरडलो तर आपणच ना?”

“मी ओरडलो, कारण भोंग्यानं उचललं,” एक जण म्हणाला.

“मीसुद्धा.”

“मी तर विचारसुद्धा केला नाही.”

सगळ्यांच्या माना भोंग्याकडे वळल्या. मास्तर म्हणाले, “तुला काहीतरी दिसलं असेल, म्हणूनच उचललंस ना?”

“मला?” भोंग्याचा आवाज इतका बारीक निघाला की शिंपीणबाईनं मशीन थांबवलं. “मास्तर, माझी पाठ असते मैदानाकडे. मला दिसता तुम्ही. तुमची तोंडं बघून उचललं मी.”

“अरे, आमची तोंडं कप्तानाच्या गुडघ्यापायी पडली होती!”

भोंगा लोकांकडे बघून ओरडला, लोक भोंग्यावर भरवसा ठेवून ओरडले आणि मालकानं सगळ्यांचं ऐकलं. खुद्द मास्तरांनीही कबूल केलं, “मी काढा म्हणत होतो, पण हंगाम संपल्यावर. असं लंगडत्या पोराला धरून आणताना नव्हे.”

शेवटी ठरलं की येत्या शनिवारी स्टँड पूर्ण गप्प राहील. नव्या मॅनेजरला घोषणा नाही, टाळी नाही. मालकाला कळू दे. भोंग्यानं मान डोलावली, पण त्याचं लक्ष घरच्या मागच्या खोलीकडे होतं. धाकट्यानं कालपासून दाढी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच मालकाच्या कार्यालयात गेला. मालकानं बसायला सांगितलं, पाणी दिलं. मोठी माणसं नकार देताना फार सौजन्यानं वागतात.

“साहेब, माझी चूक झाली. स्टँडला तसं म्हणायचं नव्हतं.”

“तुमची चूक झाली असेल, पण माझा निर्णय झालाय. आता काय सांगू लोकांना, चुकून हाकललं म्हणून?”

“मग निदान माझ्या भावाला तरी ठेवा. मालिश करतो तो. त्या कामावर जगलाय हो.”

मालक म्हणाला, “नव्या मॅनेजरचं स्टँडनं शनिवारी दणक्यात स्वागत केलं, तर मी त्याला सांगतो, मालिशवाला आपलाच ठेव म्हणून. स्टँड तुमच्या मुठीत आहे म्हणतात.”

भोंगा घरी आला तेव्हा धाकटा क्लबचे टॉवेल घड्या घालून पिशवीत भरत होता, परत करायला. भोंगा दारातच म्हणाला, “राहू दे ते. तुझं काम कुठं जात नाही. शब्द आहे माझा.”

शनिवारपासून धाकटा त्याच्याशी बोलला नव्हता. आता त्यानं वर बघितलं. “खरं सांगतोस, दादा?”

“माझ्यावर सोड.”

धाकट्यानं पिशवीतले टॉवेल पुन्हा बाहेर काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दाढी केली. वहिनीनं नवऱ्याकडे अशा कौतुकानं पाहिलं की तो शरमेनं बाहेरच निघून गेला.

सौद्याचं त्यानं मंडळींना सांगायला हवं होतं. शिंपीणबाईच्या दुकानासमोरून तो दोनदा गेलाही, पण पायरी चढवेना. सगळ्यांनी मिळून धरलेला हट्ट माझ्या भावासाठी सोडा, हे कुठल्या तोंडानं म्हणायचं? शिवाय आजवर स्टँडनं कधी ‘का’ विचारलं नव्हतं. आपण उचलू आणि सवयीनं झेलतील, असं त्यानं मनाशी ठरवलं. बुडत्याला काडीचा आधार पुरतो म्हणतात, पण काडी ती काडीच.

शनिवारी नवा मॅनेजर हात हलवत मैदानात आला. भोंगा कठड्यावर चढला, छाती भरून घेतली आणि ओरडला, “आला आला, आपला आला!”

कुणीही झेललं नाही. समोर रांगांमागून रांगा मिटलेल्या तोंडांच्या. त्याला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तो पुन्हा ओरडला. नळदुरुस्तीवाल्यानं मान खाली घातली. शिंपीणबाईनं हळूच मान हलवली, नाही म्हणून. तिसऱ्यांदा ओरडताना त्याचा आवाज फाटला आणि अख्ख्या मैदानात तो एकच आवाज फिरून आला. “ए, विकला गेलास काय रे?” मागून कुणीतरी म्हणालं. मास्तरांनी त्याचा हात धरला आणि त्याला खाली उतरवलं.

सामना संपल्यावर भोंगा धावत घरी आला. धाकटा मागच्या खोलीत कॉटवर बसला होता, हात मांडीवर ठेवून. मैदानाच्या दारातच मालकाच्या माणसानं त्याच्याकडून ओळखपत्र काढून घेतलं होतं.

“मी परत जातो मालकाकडे,” भोंगा म्हणाला. “पाय धरतो. नाहीतर जुन्या मॅनेजरला फोन लाव. तो तुला टाकणार नाही.”

“बुधवारी त्यांचाच फोन आला होता,” धाकटा म्हणाला. “दुसऱ्या क्लबात काम मिळालंय त्यांना. सोबत चल म्हणत होते.”

“मग?”

“मी नाही म्हटलं. माझं इथलं काम राहतंय, दादानं शब्द दिलाय, असं सांगितलं.”

भोंगा भिंतीला टेकला. “आता लाव फोन! आत्ता लाव!”

“लावला. त्यांनी काल दुसरा माणूस घेतला.” धाकट्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच भोंग्याला सोसवेना. त्यानं पुढं होऊन तोंड उघडलं, तर धाकट्यानं हात वर केला.

“दादा, तुझ्या पाया पडतो. आता तू काही बोलू नकोस.”